पोराच्या मोबाईलमधला गिल्गमेश

कुणी चुलीपुढं असाल, कुणी गोठ्यात असाल, कुणी शेंगा फोडत बसला असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या.

दरवेळी आम्ही इथं कर्जाचे हप्ते, शेळीपालन, पापड-मसाल्याचं पॅकिंग असल्या विषयांवर बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. आज आम्ही मोबाईलच्या खेळातल्या एका योद्ध्याबद्दल सांगणार आहोत. त्याचं नाव गिल्गमेश. बैठकीत पहिल्यांदा हे नाव निघालं, तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, "हा कुठल्या गावचा पाहुणा गं?" पाहुणा लांबचाच आहे. इराकातून निघाला, जपानमार्गे मोबाईलात शिरला आणि आमच्या गावात एका घराच्या माजघरात येऊन बसला. तो कसा आला आणि आम्हाला काय शिकवून गेला, ते सांगतो. यात दोन घरांची गोष्ट आहे. दोन्ही घरांना विचारूनच आम्ही बोलतो आहोत. नावं मात्र घेणार नाही.

आमच्या गटात एक ताई आहेत. हप्ता कधी चुकवत नाहीत, बोलतात कमी. पावसाळा संपताना झालेल्या मासिक बैठकीत त्यांनी अंतर्गत कर्ज मागितलं, पाच हजार रुपये. आमच्या गटाची रीत आहे, कर्ज कशासाठी ते सगळ्यांसमोर सांगायचं. ताई म्हणाल्या, "पोराला गावाबाहेर पाठवायचंय, माझ्या भावाकडं. कुठंतरी कामाला लागेल. इथं राहिला तर तो मोबाईल त्याला खाऊन टाकेल."

पोरगा अकरावीला. अभ्यासात बरा, अंगानं काटक, कधी कुणाला उलट न बोलणारा. पण दोन महिने झाले, कॉलेजला जाणं बंद. दिवसभर माजघरात भिंतीला टेकून मोबाईल. रात्री जागायचा, दिवसा झोपायचा. हाक मारली तर 'हं' करायचा. ताटातली भाकरी तशीच राहायची. ताईंनी रागावून पाहिलं, रडून पाहिलं. एकदा मोबाईल लपवून ठेवला, तर तो काही बोललाच नाही, नुसता छताकडं बघत पडून राहिला. ते बघून त्याच घाबरल्या आणि मोबाईल परत दिला.

दोन महिन्यांपूर्वी काय झालं होतं, ते बैठकीतल्या सगळ्याच जणींना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं, एवढंच. त्याचा जिवाभावाचा दोस्त अपघातात गेला. रस्त्यावर अंधारात उसाची रिकामी ट्रॉली उभी होती. मागं ना दिवा, ना चमकती पट्टी. दोस्त एकटाच गाडीवरून येत होता. आणि गाडी होती आमच्या या ताईंच्या घरची. याच पोरानं त्याला किल्ली दिली होती. गेलेल्या मुलाची आईसुद्धा आमच्याच गटातली. त्या दिवसापासून त्यांनी बैठकीला येणं सोडलं होतं. त्यांचा हप्ता धाकट्या जावेच्या हातून यायचा. दहा जणींच्या गटात एक जागा रिकामी राहायची आणि आम्ही तिच्याकडं न बघता हिशोब लिहायचो.

कर्ज द्यायचं की नाही, यावर त्या दिवशी आम्ही निर्णय घेतला नाही. गटातल्या एकीची मुलगी तालुक्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. ती चहा घेऊन आली होती. तिनं एकच प्रश्न विचारला, "काकू, तो खेळतो काय, ते बघितलंय का कधी?" ताई गप्प. खरं सांगायचं तर आम्ही सगळ्याच गप्प. पोरगं मोबाईल बघतं एवढं आपल्याला दिसतं. मोबाईलात काय बघतं, ते आपण विचारत नाही.

मग दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी त्यांच्या घरी गेलो. रागवायला नाही, बसायला. आमच्यातल्या एकीनं त्याला म्हटलं, "बाळा, आम्हाला यातलं काही कळत नाही. काय आहे ते दाखव तरी." पहिल्या दिवशी त्यानं फार सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आजी स्वतः काठी टेकत गेल्या आणि त्याच्या शेजारी फतकल मारून बसल्या. आजींना नाही कसं म्हणणार? तेव्हा तो सांगायला लागला.

आता तो खेळ काय आहे ते ऐका. खेळाचं नाव फायनल फँटसी. जपानमधल्या स्क्वेअर नावाच्या कंपनीनं १९८७ साली पहिला काढला, मग एकामागून एक भाग येत गेले. हा पोरगा खेळत होता तो पाचवा भाग. तो १९९२ साली जपानात निघाला, तेव्हा टीव्हीला जोडायच्या यंत्रावर खेळायचा असायचा. पुढं २०२१ मध्ये नव्यानं रंगवून मोबाईलवर आला. हा पत्त्यांसारखा पैसे लावायचा खेळ नाही. एकदा विकत घ्यायचा आणि गोष्टीचं पुस्तक वाचावं तसा पुढं पुढं जायचा. यात आपण एका टोळीचं सोंग घेतो. गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, हत्यारं मिळवायची, वाटेतल्या राक्षसांशी लढायचं. गंमत म्हणजे या टोळीत शेवटी चार जण उरतात, त्यातल्या तिघी मुली. मूळच्या चौघांत एक म्हातारे आजोबा असतात. ते लढता लढता मरतात आणि त्यांची नात त्यांची जागा घेते. आजोबांनी कमावलेली सगळी विद्या तिच्याकडं येते. हे ऐकून आमच्या आजी खूश झाल्या. म्हणाल्या, "नातीच्या नावावर केलं, बरं केलं."

अशा खेळांत वाटेवर मधे मधे एक मोठा शत्रू उभा असतो. त्याला हरवल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पोरं त्याला बॉस म्हणतात. पाचव्या भागातला असाच एक बॉस म्हणजे गिल्गमेश. लाल कपड्यातला, मोठमोठ्यानं बोलणारा, हत्यारांचा शौकीन. दुष्ट मांत्रिकाच्या पदरी नोकरीला आहे. पण हा बॉस इतरांसारखा नाही. हरायला आला की काहीतरी निमित्त काढून पळून जातो आणि पुढच्या वळणावर पुन्हा हजर. पहिल्यांदा तुरुंगावर पहारा देताना भेटतो, मग एका मोठ्या पुलावर वाट अडवतो. त्या पुलावरच्या लढाईचं संगीत नोबुओ उएमात्सु यांनी केलंय आणि जगभर ते आवडीनं ऐकलं जातं. पोरानं आम्हाला ऐकवलं. आजी म्हणाल्या, "हलगी कडाडल्यागत वाटतंय."

पूल आणि हत्यारं यांचीही एक गोष्ट आहे. जपानात बेंकेई नावाच्या लढवय्या भिक्षूची दंतकथा सांगतात. क्योतो शहरातल्या पुलावर उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याशी लढायचा आणि त्याची तलवार काढून घ्यायचा. एक हजार तलवारी जमवायचा पण केला होता. ९९९ झाल्या आणि हजाराव्या वेळी योशित्सुने नावाच्या कोवळ्या तरुणानं त्याला हरवलं. मग बेंकेई त्याचाच साथी झाला आणि मरेपर्यंत त्याच्याबरोबर राहिला. खेळातला गिल्गमेश असाच, नाव इराकचं आणि वागणं जपानच्या बेंकेईचं.

पुढं एका लढाईत तो आपलं खरं रूप दाखवतो, अनेक हातांचं. आपल्याला अष्टभुजा देवी ठाऊक आहे, तसे पुष्कळ हात आणि हातात शस्त्रं. मोठ्या तोऱ्यात जगातली सगळ्यात भारी तलवार काढतो. एक्सकॅलिबर तिचं नाव, इंग्लंडच्या आर्थर राजाच्या कथेतली. घाव घालतो, तर नुकसान किती? फक्त १! तलवार बनावट निघते. तिचं नाव एक्सकॅलिपूर, म्हणजे एक्सकॅलिबरची गरीब बहीण. बाजारात पैठणी म्हणून घेतली आणि पहिल्या धुण्यात रंग गेला, तसली गत. त्याचा मालक संतापतो आणि अपयशी नोकर म्हणून त्याला दोन जगांच्या मधल्या पोकळीत फेकून देतो.

फायनल फँटसीच्या पुढच्या भागांतही तो येत राहतो. १९९९ च्या आठव्या भागात तर तो शत्रू म्हणून येतच नाही, आपल्या मदतीला येतो. या खेळांत एक सोय असते. अडचणीच्या वेळी एखाद्या देवाला किंवा महाबली योद्ध्याला आवाहन करायचं, तो प्रकट होतो, घाव घालतो आणि निघून जातो. आपल्याकडं गोंधळात एकेका देवाचं नाव घेऊन बोलावतात, त्यावरून कल्पना करा. आठव्या भागात ओडिन नावाचा असा एक घोडेस्वार आहे. ओडिन हा उत्तर युरोपातल्या जुन्या लोकांचा देव, त्याचा घोडा आठ पायांचा. खेळात आधी त्याच्या ओसाड महालात ठरलेल्या वेळेच्या आत त्याला हरवायचं, मग तो आपला होतो. पण पुढं एका लढाईत शत्रू त्याचेच दोन तुकडे करतो. त्याची तलवार उडते, आणि ती झेलायला कोण येतो? गिल्गमेश. त्यानंतर तोच आपल्या बाजूनं लढायला लागतो. चार तलवारी घेऊन येतो. तीन खऱ्या, एक तीच बनावट. आता कुठली बाहेर काढेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. हा हाक मारून येत नाही. त्याच्या मनात आलं की आपणहून येतो.

पोरगा हे सगळं सांगत होता तेव्हा त्याचा आवाज दोन महिन्यांत पहिल्यांदाच घरभर ऐकू आला. ताई चुलीपुढं बसून ऐकत होत्या. तवा तापून धुरायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मग आजींनी विचारलं, "मग आता तू कुठवर आलायस रं?" तो गप्प झाला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आज्जे, मी पुढं जातच नाही."

हा खेळ ते दोघं मिळून खेळायचे. एकजण बोटं चालवायचा, दुसरा शेजारी बसून कुठं जायचं ते सांगायचा. शेवटच्या टप्प्याला आले होते. शेवट दोघांनी मिळून बघायचा, असं ठरलं होतं. आणि पुढं काय होतं ते याला कुणाकडून तरी कळलं होतं. पोकळीत भटकणारा गिल्गमेश शेवटच्या वाटेवर एका भयंकर राक्षसाच्या लढाईत अचानक येतो. या वेळी शत्रू म्हणून नाही. या चौघांना वाचवायला येतो, सगळ्यांशी दोन शब्द बोलतो, आणि राक्षसाला घेऊन स्वतःही संपतो. पोरगा म्हणाला, "ती लढाई केली की तो जातो. म्हणून मी तिथंच हिंडतो. बारीकसारीक राक्षस मारतो. तिथं जात नाही."

दोन महिने तो खेळत होता असं आम्हाला वाटत होतं. खरं तर तो एका जागी थांबला होता.

त्या रात्री आमच्यातल्या एकीला झोप आली नाही. बीएला असताना इतिहासाच्या तासाला मेसोपोटेमियाचं नाव ऐकलं होतं, गिल्गमेशाचंही. जुनी वही काढली, डिप्लोमावाल्या मुलीकडून आणखी माहिती काढून घेतली आणि खऱ्या गिल्गमेशाची गोष्ट हाती आली. ती आम्ही पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगितली. तुम्हीही ऐका.

आजच्या इराकच्या दक्षिणेला उरुक नावाचं शहर होतं. गिल्गमेश तिथला राजा. त्याच्या कथा सुमारे चार हजार वर्षांच्या जुन्या. ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूनं खुणा दाबून लिहिलेल्या. निनवे शहरात असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात या पाट्या होत्या. ते शहर गाडलं गेलं आणि पाट्या दोन हजार वर्षांहून जास्त काळ ढिगाऱ्याखाली पडून राहिल्या. १८५३ साली होर्मुझ्द रस्साम यांना त्या खोदकामात मिळाल्या. पुढं १८७२ मध्ये लंडनच्या संग्रहालयात जॉर्ज स्मिथ यांनी त्यातली महापुराची कथा वाचून काढली. हे स्मिथ शाळेत फार शिकलेले नव्हते. नोटा छापायच्या पट्ट्या कोरायचं काम शिकता शिकता, मधल्या सुटीत संग्रहालयात जाऊन त्यांनी ती लिपी स्वतः आत्मसात केली. प्रौढ वर्गाला जायला लाजणाऱ्या आमच्या बायकांना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

तर हा राजा ताकदवान, पण मुजोर. लोकांना त्याचा जाच. लोकांनी देवांपाशी गाऱ्हाणं घातलं. देवीनं मातीचा एक माणूस घडवला, त्याच्याच तोलामोलाचा. त्याचं नाव एन्किडू. तो रानात जनावरांत वाढला. दोघांची गाठ पडली, भिंती हादरेपर्यंत कुस्ती झाली आणि कुस्तीतून दोस्ती झाली. गिल्गमेशाच्या आईनं एन्किडूला आपला लेक मानलं. दोघांनी मिळून देवदाराच्या रानातला राखणदार मारला, स्वर्गातून आलेला बैल मारला. मग देवांनी ठरवलं, दोघांपैकी एकानं मरायचं. एन्किडू आजारी पडला. बारा दिवस अंथरुणावर राहिला आणि गेला.

गिल्गमेशानं काय केलं? सहा दिवस आणि सात रात्री तो दोस्ताचा देह पुरू देईना. हा उठेल, म्हणून बसून राहिला. नंतर राजवस्त्रं टाकून, जनावराचं कातडं पांघरून रानोमाळ भटकत सुटला. मरणावरचा उपाय शोधायला.

वाटेत त्याला तीन बायका भेटतात, असं आम्ही म्हणू. पहिली समुद्रकाठची गुत्तेवाली, सिदुरी. त्याचा अवतार बघून ती आधी घाबरते, दार लावून घेते. पण मग ऐकून घेते. एका जुन्या पाटीत ती त्याला समजावते की मरण कुणाला चुकत नाही, तर तू पोटभर जेव, डोक्यावरून पाणी घे, धुतलेले कपडे घाल, लेकराचा हात धर. दुसरी, महापुरातून वाचलेल्या म्हाताऱ्याची बायको. म्हातारा म्हणतो, अमर व्हायचंय ना, मग सहा दिवस सात रात्री जागून दाखव. गिल्गमेश बसतो आणि बसल्या जागी झोपतो. म्हातारी काय करते? रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवते आणि भिंतीवर रोज एक खूण करते. तो जागा होऊन म्हणतो, आत्ता तर डोळा लागला होता. तेव्हा त्याला भाकऱ्या दाखवतात. एक वाळून खडंग, एक वातड, एकीला बुरशी, आणि शेवटची अजून निखाऱ्यावर. हिशोब खोटा कसा ठरणार? आणि तो रिकाम्या हातानं निघाला, तेव्हा हीच म्हातारी नवऱ्याला म्हणते, एवढ्या लांबून आलाय, त्याला काहीतरी द्या. म्हणून त्याला तारुण्य परत देणाऱ्या वनस्पतीचा पत्ता मिळतो. तीही पुढं साप खाऊन टाकतो.

तिसरी बाई म्हणजे त्याची आई. ती घरीच असते. तो निघाला तेव्हा त्याच्यासाठी सूर्याला साकडं घालणारी.

शेवटी गिल्गमेश रिकाम्या हातानं उरुकला परत येतो. बरोबरच्या नावाड्याला आपल्या गावाची तटबंदी दाखवतो. बस्स. अमरपणा मिळत नाही. दोस्त परत येत नाही. पण तो घरी येतो.

बैठकीत ही गोष्ट संपली तेव्हा ताई पदर तोंडाला लावून रडत होत्या. म्हणाल्या, "मी पण रोज भाकरी ठेवतेय गं त्याच्या उशाशी." त्या दिवशी त्यांनी कर्जाचा अर्ज मागं घेतला. म्हणाल्या, "घरात राहू दे. लांब पाठवून काय, दुःख त्याच्याबरोबरच जाईल."

पुढं जे झालं ते जादूसारखं झालं असं आम्ही सांगणार नाही. ताई रोज संध्याकाळी स्वयंपाक उरकून अर्धा तास त्याच्या शेजारी बसायला लागल्या. हा कोण, ती कोण, विचारायला लागल्या. तो इंग्रजीतलं वाचून मराठीत सांगायचा. एका रात्री तो म्हणाला, "आई, आज ती लढाई करतो. तू बस." ताई बसल्या. गिल्गमेश आला, बोलला आणि गेला. पोरगा मोबाईल खाली ठेवून आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. दोस्ताच्या मातीलासुद्धा तो रडला नव्हता. कुणी रडू दिलं नव्हतं. पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय, असं आपलेच लोक म्हणाले होते. त्या रात्री तो पहिल्यांदा तोंडानं बोलला, "आई, किल्ली मी दिली होती."

त्यानंतर गावातल्या आशाताईंच्या मदतीनं त्याला सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशकाकडं नेलं. चार-पाच वेळा जावं लागलं, अजूनही जातो. कॉलेजला जायला लागलाय. काही दिवस जातो, काही दिवस नाही. मोबाईल अजून खेळतो, पण रात्री अकराला ठेवतो.

आता मैत्रिणींनो, यातून आम्ही काय घेतलं ते थोडक्यात सांगतो.

पहिलं, मोबाईल हिसकावण्याआधी शेजारी बसा आणि 'दाखव की मला' म्हणा. पोरगं काय बघतंय, कशात अडकलंय, ते तिथं कळतं.

दुसरं, सगळे खेळ एका मापानं मोजू नका. गोष्टीचा खेळ वेगळा आणि पैसे लावायचा खेळ वेगळा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारनं २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली आहे. 'पाचशे टाका, पाच हजार मिळवा' असं कुणी सांगितलं तर तो सापळा समजा. गोष्टीच्या खेळातसुद्धा मधे मधे खरेदीची बटणं असू शकतात, म्हणून खात्याचा पिन पोरांना सांगू नका. ज्या फोनवर गटाचे पैसे येतात-जातात, तो फोन खेळायला देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

तिसरं, झोप, जेवण आणि शाळा यांकडं लक्ष ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस हे तिन्ही बिघडलं असेल, तर खेळावर खापर फोडून थांबू नका. त्याच्यामागं काय आहे ते शोधा. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. मन दुखलं म्हणून फोन करण्यात लाज नाही. पाय मोडला तर आपण दवाखान्यात जातोच ना?

चौथं, पोरांना रडू द्या. आपण बाया एकमेकींच्या गळ्यात पडून मोकळ्या होतो. पोरांना ती सोय आपण ठेवलेली नाही. चार हजार वर्षांपूर्वीचा राजा दोस्तासाठी सात रात्री रडला आणि लोकांनी ते मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवलं. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

आणि पाचवं, उसाचा हंगाम आहे. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे त्यांनी आजच मागं चमकती पट्टी लावून घ्या. आमच्या ग्रामसंघानं ठराव करून गावातल्या सगळ्या ट्रॉल्यांना पट्ट्या लावल्या. खर्च फार नाही. त्या पोराला हाच दिवस आधी उजाडायला हवा होता.

शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो. दिवाळीनंतर एका दुपारी तो पोरगा एकटाच उठून दोस्ताच्या घरी गेला. काय बोलणं झालं, ते आम्ही विचारलं नाही. जाऊबाई सांगत होत्या, त्या माउलीनं त्याला जेवायला वाढलं आणि तो पूर्ण जेवला.

त्याच्या पुढच्या मासिक बैठकीला, इतिवृत्त वाचून झालं होतं, हप्ते गोळा करणं चालू होतं, तेवढ्यात दारात सावली पडली. चार महिने न आलेल्या ताई उभ्या होत्या. कुणी हाक मारली नव्हती, आपणहून आल्या. आमच्या या ताईंनी काही न बोलता आपली पिशवी उचलली, सरकून जागा केली. त्या शेजारी बसल्या. पासबुक पुढं केलं. आम्ही त्यांच्या नावापुढं हप्त्याची नोंद केली. हजेरी त्या दिवशी दहापैकी दहा झाली.

येतो आम्ही. तुमच्या गावातल्या अशा कुणा पोराच्या शेजारी आज संध्याकाळी जरा वेळ बसा. नमस्कार.